अडतीस की पाचशे

गल्लीत त्यांना सगळे ओहमकाकू म्हणत. मोटार जळो नाहीतर इस्त्री रुसो, काकू आधी व्होल्टमीटर आणि अँमीटर लावणार, व्होल्टला अँपिअरने भागून रेझिस्टन्सचे ओहम काढणार, दोन्हींचा गुणाकार करून वॅट काढणार, आणि मगच पान्याला हात घालणार. कुणी घाई केलीच, तर डॉक्टर नाडी न बघता गोळी देतो का, असं विचारायच्या. गिऱ्हाईक मुकाट्याने बाकावर बसायचं.

विजेच्या दुरुस्तीचं दुकान मात्र नवऱ्याच्या नावावर. लायसन्सही त्याचंच, बावीस वर्षं ते काउंटरमागच्या खिळ्याला फ्रेममध्ये लटकत होतं. आधी काम तोच करायचा, काकू नुसत्या तारा गुंडाळून द्यायच्या. मग त्याचे हात थरथरायला लागले. पहिल्यांदा कपातला चहा सांडायचा, पुढे साधा स्क्रूही बोटांत राहीना. गेली चार वर्षं सगळं काम काकू करत होत्या आणि तो स्टुलावर बसून सूचना देत होता. जित्याची खोड, दुसरं काय! पण यंदा लायसन्सची मुदत संपत होती, आणि नवीन काढायचं तर परीक्षकासमोर स्वतःच्या हातांनी काम करून दाखवावं लागतं. काकूंच्या नावावर लायसन्स झालं नाही, तर शटर खाली.

बरं, काकू परीक्षेला बसल्याच नव्हत्या असंही नाही. गेल्या वर्षी बसल्या होत्या आणि दांडी उडाली होती. का, ते कुणी सांगितलं नाही. चिठ्ठीवर एकच शब्द: नापास. वर्षभर ती बाई भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तीच गणितं मनात सोडवत होती. नवरा म्हणे, मीटर उलटा लावला असशील. ज्या बाईच्या हाताखालून हजार मोटारी दुरुस्त होऊन गेल्या, तिलाही शेवटी तेच खरं वाटायला लागलं. राग येतो तो याचाच.

परीक्षेला आठ दिवस असताना नणंदेचा जावई आला. तो त्याच परीक्षेच्या कार्यालयात कारकून. इकडेतिकडे बघून त्याने हळूच सांगितलं, की प्रात्यक्षिकाला शंभर वॅटचा बल्ब देतात, आणि परीक्षकाच्या कागदावर त्याचा रेझिस्टन्स अडतीस ओहम लिहिलेला आहे. साहेबांनी स्वतः मोजून ठेवलाय. मामींनी पाचशे लिहिले, म्हणून मामी गेल्या.

काकूंनी हातातलं काम बाजूला टाकलं. म्हणजे आपण चुकलोच नव्हतो! अहो, विझलेला बल्ब मोजला तर अडतीसच येणार. पण बल्ब पेटला की आतली तार तापते, आणि तापलेली तार विजेला तेरापट अडवते. पेटलेल्या बल्बचे पाचशेच. झोपलेल्या माणसाकडे बघून तो किती काम करतो हे ठरवावं, त्यातला हा प्रकार.

"अडतीस लिही," नवरा म्हणाला. "कागदावर अडतीस, दुकानात पाचशे. आपल्याला लायसन्स हवंय, शाबासकी नकोय."

त्याचं तरी काय चुकलं? काकू हो म्हणाल्या.

परीक्षेच्या टेबलावर बल्ब पेटला होता. व्होल्टमीटरवर दोनशेवीस, अँमीटरवर पॉइंट चव्वेचाळीस. काकूंनी मीटरांकडे न बघता, चोरी केल्यासारखं, 'अडतीस' लिहून टाकलं. पुढचा रकाना वॅटचा होता, आणि तिथे घोडं अडलं. समोरचे मीटर सांगत होते साधारण सत्त्याण्णव वॅट. अडतीसने हिशेब केला तर येत होते पावणेतेराशे, म्हणजे इस्त्रीपेक्षाही जास्त. एवढ्याशा बल्बला पावणेतेराशे वॅट! काकूंचा हात चालेना. नवऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला, शटर आलं, तरी चालेना. शेवटी त्यांनी अडतीस खोडून पाचशे लिहिलं आणि पदराने घाम पुसला.

परीक्षक आले, कपाळावर चष्मा चढवलेले. कागद बघून, चुकलं बाई, अडतीस हवं होतं, असं म्हणत त्यांनी लाल पेन काढलं.

काकूंनी विचारलं, "साहेब, या बोर्डाला फ्यूज किती अँपिअरचा आहे?"

"दोनचा."

"अडतीस ओहम असते, तर या बल्बने पावणेसहा अँपिअर ओढले असते. फ्यूज केव्हाच उडाला असता. बल्ब तर पेटलेलाच आहे."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. बल्बकडे बघितलं, अँमीटरकडे बघितलं, मग कागदाच्या कोपऱ्यात स्वतः गणित मांडलं. एकदा मांडलं, पुन्हा मांडलं. लाल पेनचं टोपण लावायलाही त्यांना वेळ लागला.

"मी थंड मोजला होता," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, गेल्या वर्षीही तुम्ही होतात ना, तेव्हा काय लिहिलं होतंत?

"पाचशेच."

साहेबांची मान वर झाली नाही. तशीच खाली ठेवून त्यांनी सही केली, आणि शिपायाला गेल्या वर्षीचे सगळे पेपर काढायला सांगितलं.

काकू दुकानात आल्या तेव्हा नवरा स्टुलावरून उठून उभा होता. अडतीस लिहिलंस ना, हे त्याने तीनदा विचारलं. काकू नाही म्हणाल्या, तसा तो भिंतीला टेकला. मग काकूंनी पिशवीतून साहेबांच्या सहीचा, पास झाल्याचा कागद काढून त्याच्यासमोर धरला, कारण त्याच्या हातात कागद स्थिर राहत नसे.

त्याने तो सावकाश वाचला. बायकोच्या नावापाशी थांबला, पुन्हा वाचला.

मग तो काउंटरमागे गेला आणि आपली फ्रेम खिळ्यावरून काढायला लागला. हात इतके थरथरत होते, की दोरी खिळ्यावरून सुटता सुटेना. काकू मदतीला पुढे झाल्या.

"थांब," तो म्हणाला. "हे मला करू दे."

काकू थांबल्या. फ्रेम निघाली तेव्हा दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि खिळा रिकामा होता.