मत विचारलं म्हणून सांगितलं

हिंगणघाटकडच्या एका गावात हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त होतं. पोरांचे दात तपकिरी पडत होते. पाणी आमच्याच संस्थेने तपासलं आणि अहवाल घेऊन मी वर्ध्याला पाणीपुरवठा खात्याच्या बैठकीला गेले.

खात्याच्या साहेबांनी अहवाल चाळला आणि विचारलं, "मॅडम, तुमचं स्वतःचं मत काय?"

"हा पंप आजच बंद करा आणि गावाला दुसरं पाणी द्या," मी म्हणाले.

"म्हणजे तुम्ही गावाची बाजू घेताय," ते हसले. "आम्हाला तटस्थ अभ्यासक हवा होता."

फेरतपासणी दुसऱ्या संस्थेकडे गेली. तिने अजून अभ्यासाची गरज आहे असं लिहून दिलं आणि साहेबांना ते फार पटलं.

गावात हे सांगायलाही मीच गेले. पंपावर पाणी भरणारी एक बाई म्हणाली, "मॅडम, तुमी त्या सायबाले दोन गोष्टी सुनावल्या काऊन नाई?"

सुनावल्या होत्या, पण ते तिला सांगून काय उपयोग होता? ती पाण्याने भरलेली गुंडी उचलून घरी गेली.

आता बैठकीत मी फक्त आकडे वाचते आणि खाली बसते. साहेब सगळ्यांसमोर माझं कौतुक करतात.