दिवसपाळीची लाईट

त्या उन्हाळ्यात मी जितका थकलो, तितका पुढे अख्ख्या नोकरीत थकलो नाही. आणि थकलो कशानं, तर बसून. जळगावला डिप्लोमा झाला होता. धुळ्याला एका कॉलेजात प्रयोगशाळेत शिकवायची जागा निघाली होती. मुलाखतीची अट अशी, की मायक्रोप्रोसेसरचा बोर्ड स्वतः जोडून आणा आणि तासभर चालवून दाखवा. नाही जमलं, तर पाइपच्या कारखान्यातली रात्रपाळी होतीच.

बोर्ड म्हणजे वहीच्या पानाएवढी हिरवी पाटी. तिच्यावर काळ्या चिपा, खाली बटणं, वर सहा लाल आकडे. हा कॉम्प्युटर आहे म्हटलं तर आजची पोरं हसतील. त्याला पाच व्होल्ट लागायचे, ना कमी ना जास्त. जुन्या टेपरेकॉर्डरचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि व्होल्टेज पाचावर धरून ठेवणारा एक तीन पायांचा रेग्युलेटर असा सप्लाय मी तयार केला होता. प्रोग्राम एकेक बटण दाबून भरायचा. वीज क्षणभर तुटली की भरलेलं सगळं पुसलं जायचं आणि पुन्हा श्रीगणेशा.

पाचोऱ्याकडे केळीच्या मळ्यातच आमचं घर. विहिरींवरच्या मोटरींना लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसपाळी लागली की विहिरीवरची आमची मोटर सुरू व्हायची, पंखा रेंगाळायचा, बल्ब तांबूस पडायचा. माझे सहा आकडे विझायचे. पुन्हा भरले, पुन्हा विझले. बोटांची टोकं हुळहुळायला लागली. मुलाखतीआधीची शेवटची दिवसपाळी लागली, त्या पहिल्याच दिवशी जेवताना माझा तोल गेला. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ताट सरकवून मी त्यांना म्हणालो, "तुमनी मोटर लागनी का मनं मशीन मरस. आठे काही व्हनार नही."

आबांनी भाकरी मोडली.

त्यानंतरही आकडे विझतच राहिले आणि मी व्होल्टेजला शिव्या घालत राहिलो. मान वर करून बघायची तसदी घेतली असती, तर बल्ब लख्ख जळतोय हे तेव्हाच दिसलं असतं. पण चिडलेला माणूस बघतो कुठे? मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी माझं कोपर बोर्डाला लागलं आणि आकडे गेले. पंखा मात्र जोरात फिरत होता. मी रेग्युलेटरचा एक पाय चिमटीत धरून बघितला. तो हलला. सोल्डर, म्हणजे पाय पाटीला धरून ठेवणारा कथलाचा थेंब, कच्चं राहिलं होतं, आणि ते मीच केलेलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

पाय पक्का केला, प्रोग्राम भरला. तास उलटला तरी आकडे मोजतच होते. आनंद वगैरे झाला नाही. आता कुणी काही विचारू नये, एवढंच वाटत होतं. मी ओट्यावर येऊन बसलो.

मोठी बहीण, आमची अक्का, गुरांना चारा टाकून येत होती. मशीन चाललं असं सांगितलं, तर ती थांबली. "चालीच ना. आठ दिनपाईन आबानी मोटर लाई नही. तुनं मशीन मरस म्हनीसन. केळीनी मान टाकी दिधी."

मी बांधावर जाऊन पाहिलं. झाडं घड टाकायच्या बेतात होती. पानांच्या कडा करपल्या होत्या, कोवळी पानं लोंबत होती. आठवडाभर दिवसा लाईट होती, आणि माझ्या एका वाक्यापायी विहिरीतलं पाणी विहिरीतच राहिलं होतं. मला स्वतःची शिसारी आली.

परतलो तेव्हा आबा टेबलापाशी उभे होते, हात मागे बांधून. आकड्यांकडे बघत होते.

"चालनं का?"

"चालनं, आबा."

"आते नही ना मरनार?"

"नही."

ते दारापर्यंत गेले, तिथे थांबले आणि वळून त्यांनी मलाच विचारलं, "मंग मोटर लाऊ का?"

मी कशीबशी मान हलवली.

नोकरी मिळाली. चूक माझ्या सोल्डरची होती, हे त्यांना सांगायचं मी दर सुटीला ठरवून जायचो. आणि आबा आल्यागेल्याला सांगत बसलेले असायचे, की पोराचं मशीन फार नाजूक, आपण मोटर बंद ठेवली म्हणून तर त्याला नोकरी लागली. ते असेपर्यंत मी शेजारी बसून हो म्हणत राहिलो.