शेवटची खुर्ची

आमच्या शेजारच्या मांडववाल्याने अलीकडे दुकानावर 'इव्हेंट मॅनेजमेंट' अशी पाटी लावली होती. कुठलाही कार्यक्रम असो, तो सुरू होण्याआधी हा शेवटच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसायचा. माझ्या पत्नीच्या शोकसभेतही बसला आणि म्हणाला, "सर, हितून वहिनी दिसंनात." मग त्याने स्वतःच फोटो वीतभर वर घेतला. तेव्हापासून त्याच्या कार्यक्रमांची स्वागताची भाषणं मी लिहून देऊ लागलो.

दुष्काळाच्या वर्षी एका बियाणे कंपनीने लातुरात विक्रेत्यांचा मेळावा ठरवला. हे काम जमलं तर नांदेडचा मेळावाही त्यालाच मिळणार होता. पुण्याहून आलेल्या साहेबांना स्टेजसमोर कारंजं हवं होतं. त्यासाठी त्यांनी टँकरही बोलावला होता. मला वाटलं, हा आता मान डोलावणार.

"साहेब, पुढून समदं झकासच दिसतंय. जरा हितं बसून बघा," म्हणत त्याने त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं. तिथून मांडवाच्या उघड्या बाजूने रस्त्यावरची घागरींची लांबलचक रांग दिसत होती.

साहेब खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, "टँकर तिकडे लावा. पण मग स्टेजवर बघायला काय राहिलं?"

"तुमी हाय की, साहेब! भाषण तेवढं आखूड करा."

नांदेडच्या मेळाव्याला साहेब आले, ते थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसले.