प्रेअरीवरच्या बायका आणि माझा थायरॉइड

“हा होमसिकनेस नाही. तुमची थायरॉइड ग्रंथी ओव्हरअ‍ॅक्टिव्ह आहे, गरजेपेक्षा जास्त काम करतेय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बर्मिंगहॅममधल्या आमच्या जीपीसमोर, म्हणजे फॅमिली डॉक्टरसमोर, मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. पाय हलत होता, थांबवता येत नव्हता. शेजारी बसलेल्या समीरने, माझ्या नवऱ्याने, सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र पटेना.

कारण माझं निदान मी आधीच करून टाकलं होतं.

नागपूरला मी इंग्रजी साहित्य शिकवायचे. समीरच्या नोकरीपायी इथे आले आणि लायब्ररीतल्या रीडिंग ग्रुपला जाऊ लागले. त्या हिवाळ्यात आम्ही जुन्या अमेरिकन कादंबऱ्या वाचत होतो. प्रेअरी म्हणजे नजर पोचेल तिथवर नुसतं गवत. युरोपातून आलेली कुटुंबं तिथे मातीची घरं बांधतात, जमीन नांगरतात. पुरुष पुढच्या पिकाचं बोलतात. बायका वारा ऐकत बसतात आणि एखादी मनाने खचत जाते.

मला झोप लागत नव्हती. छाती धडधडायची, हात कापायचे, भरपूर जेवूनही कपडे सैल होत होते. एक काम हातात घेतलं की दुसरं आठवायचं. “माझं त्या बायकांसारखं झालंय,” मी समीरला म्हटलं. त्याने ते इतकं मनावर घेतलं की मला नागपूरला पाठवायचं बोलणं सुरू झालं. फोनवर आई म्हणाली, “ये गं, परत ये.”

जीपीकडे मी गेले होते झोपेच्या गोळ्या मागायला. बाईंनी पाण्याचा घोट गिळायला लावला आणि माझ्या गळ्याकडे बघत राहिल्या. मग ब्लड टेस्ट. निघाला ग्रेव्हज डिसीज: शरीराची संरक्षण यंत्रणाच ग्रंथीला सतत डिवचत राहते.

कार्बिमाझोल सुरू झालं. ही ग्रंथीला आवर घालणारी गोळी. “घसा दुखला किंवा ताप आला तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या,” बाईंनी बजावलं होतं.

काही आठवड्यांनी घसा दुखू लागला. “सर्दी असेल,” मी म्हटलं. समीरने काही न ऐकता कोट हातात दिला आणि ए अँड ईमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, नेलं. न्यूट्रोफिल्स, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जवळजवळ संपल्या होत्या. गोळीचा दुर्मीळ दुष्परिणाम. “आज आलात ते फार बरं केलंत,” तिथले डॉक्टर म्हणाले. जिवावरचं होतं, हे मी त्यांच्या आवाजावरून समजले.

कुणाचा संसर्ग होऊ नये म्हणून मला साइड रूममध्ये एकटीला ठेवलं. हाताला अँटिबायोटिकची ड्रिप. पलंग, बेसिन, दार. ड्रिपचा स्टँड ढकलत मी फेऱ्या मारायचे. रोज रक्त घ्यायचे आणि रोज तेच उत्तर: “पेशी अजून वाढल्या नाहीत.” पुस्तक उघडायचे, एक ओळ वाचून मिटायचे.

एका दुपारी मास्क लावून समीर आला. “माझ्या नागपूरच्या तिकिटाचं काय केलंस?” मी विचारलं.

“काही नाही. तू बरी हो, मग बघू.”

“मला परत जायचं नाहीये, समीर. पण दिवसभर बोलायला कोणी नसतं, हे खरं आहे. ते थायरॉइडमुळे नव्हतं.”

“मग आधी का नाही बोललीस?”

“बोलले की. त्या बायकांचं नाव पुढे करून.”

त्याने खुर्ची पलंगाजवळ ओढली. “आता तुझं सांग,” म्हणाला. मी सांगत गेले. नर्सने येऊन वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हाही माझं संपलं नव्हतं.

पेशी हळूहळू वाढल्या, मी घरी आले. कार्बिमाझोल कायमचं बंद. पुढे रेडिओआयोडीन घेतलं, म्हणजे ग्रंथी शांत करणारं किरणोत्सारी औषध. आता ग्रंथीचं काम भरून काढायला रोज सकाळी थायरॉक्सिनची एक गोळी असते.

तुमचीही छाती अशी धडधडत असेल तर ‘परदेशात असं होतंच’ म्हणून बसू नका, रक्त तपासून घ्या. मला वाचवणाऱ्या डॉक्टरांचे आणि न ऐकणाऱ्या नवऱ्याचे उपकार मी विसरणार नाही. पण रिपोर्ट नॉर्मल आला त्या दिवशीही घर तेवढंच शांत होतं. दुसऱ्या दिवशी मी कोट चढवला आणि संध्याकाळच्या कॉलेजात शिकवायचं काम मिळेल का, ते विचारायला बसमध्ये चढले.