तासाभराची हद्द

मेल्यावर कुठे जायचं याची आमच्या नानांइतकी बारकाईनं चौकशी करून ठेवलेला दुसरा माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल. मी स्वर्ग-नरकाबद्दल बोलत नाही, त्याबाबत ते निर्धास्त होते. मी बोलतोय ते सहा फूट बाय अडीच फूट जमिनीबद्दल. जळगावच्या मोजणी कचेरीत मी नकाशे काढायचो आणि आमचे हे मोजणीदार शेजारच्या टेबलावर बसायचे. मूळचे धुळ्यापलीकडच्या एका खेड्यातले, बिनलग्नाचे, उंच, हाडकुळे, आणि बोलणं इतकं हळू की समोरचा आपोआप पुढे झुकायचा. सगळे त्यांना नाना म्हणत. नोकरीच्या सुरुवातीला ते पुण्याला प्रशिक्षणाला गेले, तिथे एका इराणी हॉटेलवाल्याशी दोस्ती झाली आणि परत आले ते बहाई होऊनच. कचेरीत कुणाला हा शब्दही ठाऊक नव्हता. आमच्या हेडक्लार्कना तर बरेच दिवस ते एखाद्या आजाराचं नाव वाटत होतं.

सगळे धर्म एकच, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात आणि जेवायला आपापल्या पंगतीत बसतात. नाना मात्र ते खरंच मानायचे. ‘‘गट नंबर एकच आहे हो,’’ ते म्हणत, ‘‘नुसते पोटहिस्से पडलेत. कृष्ण आले, बुद्ध आले, येशू आले, पैगंबर आले, अलीकडे आमचे इराणातले आले. मालक तोच, ज्या त्या वेळी तोच बोलला. आपण मधे बांध घालून भांडत बसलो.’’ आणि हे सांगणारा माणूस पोटासाठी रोज लोकांच्या बांधावर हद्दीचे दगड रोवत हिंडायचा. मार्चमध्ये त्यांचे उपवास असत. खानदेशातला मार्च म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही, पण नाना सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसत. दुपारी वायव्येला, त्यांच्या पवित्र स्थळाच्या दिशेला, तोंड करून प्रार्थना म्हणत. आमच्या कचेरीत वायव्येला जुन्या नकाशांचं कपाट होतं. ओठ हलताहेत, आवाज नाही आणि समोर बंद कपाट, हे पाहून नव्यानं आलेली टायपिस्ट तिसऱ्या दिवशी आपलं टेबल उचलून दाराशी गेली.

बहाई माणसाला जाळत नाहीत, पुरतात. आणि जिथे मरण येईल तिथून तासाभराच्या प्रवासापलीकडे नेत नाहीत. नियम साधा आहे, पण तो एका मोजणीदाराच्या हातात पडला. जळगावात बहाईंची दफनभूमी नव्हती. नानांनी आधी कब्रस्तानात विचारलं, मग ख्रिस्ती दफनभूमीत. दोन्हीकडे चहा मिळाला. जागा आमच्यातल्यांनाच, असं दोन्हीकडे नरमाईनं सांगितलं. सगळ्या धर्मांना आपलं म्हणणाऱ्या माणसाला एकाही धर्माची जमीन मिळेना. तेव्हापासून मोजणीला कुठल्याही गावी गेले की नाना आधी चावडीवर न जाता मसणवटा गाठत. भर दुपारी तिथे उताणे आडवे होत, पाय वायव्येला, तोंडावर रुमाल, आणि जमीन कशी लागते ते बघत. पाचोऱ्याकडे शेळ्या राखणाऱ्या एका बाईनं त्यांना असं उठताना पाहिलं आणि आठ दिवस तापानं फणफणली. पुढच्या खेपेला गावानं त्यांच्या पायाशी नारळ फोडला. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते यजमानाला हळूच विचारत, ‘‘इथून तासाभरात पुरायची सोय कुठे?’’ यजमान नवऱ्या मुलाकडे बघत राही.

शेवटी त्यांना हवी तशी जागा सापडली. एरंडोलच्या अलीकडे एक ओस गाव आहे. आमच्या दप्तरात अशा गावाला बेचिराख म्हणतात, म्हणजे जिथे आता कुणी दिवा लावत नाही. तिथे चिंचेखाली पाच-सहा उंचवटे होते. कुणी म्हणे गोसाव्यांच्या समाध्या, कुणी म्हणे पिराचं ठाणं. नकाशात फक्त ‘थडगी’ असं लिहिलेलं. नानांना ते फार आवडलं. मला एकदा मदतीला नेलं, तेव्हा त्यांनी एकेका उंचवट्यापुढे थांबून राम राम, सलाम, असं क्रमानं सगळं केलं आणि प्रत्येक वेळी उत्तर ऐकून घ्यावं इतका वेळ थांबले. मग मान हलवून पुढे. मला हसू येत होतं, पण ते पोटातच राहिलं.

मोजणीला साखळी ताणली होती. तिचं पलीकडचं टोक लोखंडी खुंटीला अडकवलेलं, अलीकडचं माझ्या हातात. नाना माझ्या शेजारी बसून वहीत आकडे लिहीत होते. उन्हाचा असा कडाका की पानही हलत नव्हतं. तेवढ्यात साखळीला पलीकडून तीन हिसके बसले. ‘ओढा’ म्हणून खूण करताना माणूस देतो, बरोब्बर तसे. पलीकडे खुंटी होती आणि पिवळं गवत. मी साखळी टाकली. नानांनी वहीतून मान वर केली, ती उचलली, पुन्हा माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘‘धरा. त्यांनाही आपली हद्द बघायची असेल.’’ त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ते मात्र खुशीत होते, शेजार चांगला मिळाला म्हणून.

पण त्या जागेनं त्यांना बांधून टाकलं. चिंचेपासून एसटीनं तासाभरात कुठवर जाता येतं ते त्यांनी घड्याळ लावून पाहिलं आणि जिल्ह्याच्या नकाशावर लाल पेन्सिलीनं रेघ ओढली. इकडे जळगाव आत, तिकडे पारोळं कसंबसं आत. रेघेबाहेर मरण आलं तर आपल्याला जाळतील, ही त्यांची एकच भीती. नाशिकची बढती नाकारली. धुळ्यापलीकडे गावी त्यांची थोरली विधवा बहीण होती, जिनं त्यांना आईमागे वाढवलं. तिच्याकडे अकरा वर्षं गेले नाहीत, फक्त पत्रं.

मग या बहिणीचं, अक्कांचं, कार्ड आलं. दुसऱ्याकडून लिहवून घेतलेलं. अंथरुणाला खिळले आहे, एकदा तोंड दाखव. नानांनी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं आणि तीन दिवस त्यावर कोपर टेकून काम केलं. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. चिडवण्याची माझी सवय नडली. म्हटलं, ‘‘नाना, सगळी पृथ्वी एक म्हणता आणि स्वतःभोवती हद्द आखून बसता? आम्ही परवडलो.’’ ते रागावले नाहीत. लाल रेघेवरून एकदा बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज दिला आणि माझ्या हातात एक घडी घातलेला कागद. ‘‘ही मयताची प्रार्थना. एकानं वाचायची, बाकीच्यांनी उभं राहायचं. शेवटी सहा ओळी आहेत, प्रत्येक एकोणीस वेळा. तुम्ही वाचा.’’

नाना गावी पोचले, आणि सहाव्या दिवशी सकाळी कचेरीत त्यांच्या भाच्याचा फोन आला. पहाटे नाना झोपेतच गेले होते. मी धुळ्याची गाडी पकडली. गाडीत माणसं उभी होती, पण माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली. पारोळ्याला एक म्हातारी टोपली घेऊन चढली, त्या जागेवर बसायला वाकली, आणि चटकन सरळ होऊन म्हणाली, ‘‘बसा दादा, बसा, मी जास मांगे.’’ माझ्याकडे ती बघतसुद्धा नव्हती. धुळं येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसलो.

गावात अंगणात नाना निजवलेले होते आणि बाजूला लाकडं रचून तयार. मी चाचरत सगळं सांगितलं. त्यांचा चुलतभाऊ म्हणाला, ‘‘अक्का, आपलामा पुरतस का कोठे? लोके काय म्हनतीन?’’ भिंतीला टेकून बसलेल्या अक्कांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. मला विचारलं, ‘‘त्याले दूर लई जावानं नही, खरं शे का?’’ मी म्हटलं, खरं आहे. ‘‘मंग मनं वावर आठेच शे. जलमभर त्यानी लोकेसनं वावर मोजं. त्याले जागा देवाले मी शे.’’ लाकडं तिथेच राहिली.

अक्कांच्या शेताच्या कडेला नानांना ठेवलं, पाय वायव्येला. मी वाचत होतो, गाव उभं होतं. कुणाला अर्थ कळत नव्हता, पण त्या ओळी पुन्हापुन्हा येतात म्हटल्यावर माणसं भजनातल्यासारखी हळूहळू मागून म्हणू लागली. त्यात तो चुलतभाऊही होता. सगळे पांगल्यावर मी घरी येऊन अक्कांपाशी बसलो आणि सांगून टाकलं, की मीच त्यांना डिवचून धाडलं, नाहीतर ते आले नसते.

अक्का म्हणाल्या, ‘‘मी म्हने, मी मरसू तवय तरी तो ई. तुम्हीन धाडं म्हनीसन जित्तामा भेटना.’’ जिवंतपणी भेट झाली ती माझ्यामुळे, असं त्या मलाच समजावत होत्या. मग कागदाकडे बोट करून, ‘‘ती शेवटली वळ आखो वाचा.’’

त्या शेवटच्या ओळीत धीर धरण्याची गोष्ट आहे. मी वाचत राहिलो, त्या मागून म्हणत राहिल्या. एकोणीस वेळा म्हणायची असते. आम्ही मोजलं नाही.