शेवटची चढाई कुणाची

गुडघ्याला चोळायच्या मलमाचा उग्र वास आला, की मला भोईवाड्यातलं ते कबड्डीचं मैदान आठवतं. मुलींची फायनल होती, आम्ही एका गुणाने मागे होतो आणि शेवटची चढाई आमची होती. सामनाभर मीच गुण आणत होते, म्हणून मी मध्यरेषेकडे निघालेसुद्धा, तेवढ्यात सर ओरडले, "तू थांब गं, कॅप्टनला जाऊ दे!" कॅप्टन गुडघ्याला पट्टा बांधून खेळत होती. ती आत शिरली आणि कोपऱ्यातल्या मुलीने तिचा घोटाच धरला. ती लाल मातीत पालथी पडली आणि पलीकडे ढोल वाजायला लागले. मी रडतच सरांना विचारलं, "तिला कशाला पाठवलंत? हातातला कप घालवलात!" ते हळूच म्हणाले, "समोर खुर्च्यांवर ऑफिसवाले बसलेत. खेळाडूंच्या कोट्यातून एकच मुलगी नोकरीला घेणार आहेत, आणि पुढच्या वर्षी ही वयात बसत नाही." ती नोकरी शेवटी मला लागली. सर चुकले की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. आता निवडीसाठी मीच त्या खुर्चीवर बसते, आणि शेवटच्या चढाईला पट्टा बांधलेली एखादी मुलगी पुढे आली, की माझी मान आपोआप खाली जाते.