मुदतीनंतरचा एक दिवस

फोटो काढताना तो आधी स्वतःची हनुवटी वर करायचा. बायकांना हात लावायचा नाही, नुसतं करून दाखवायचा. "अशी. मागं राह्यलेल्यांना तोंड दिसलं पायजे." समोर नवरी असली तरी हेच. लग्नात मरणाची आठवण काढू नये, एवढी अक्कल त्याला नव्हती.

जुन्या जालन्यात, कापडदुकानांच्या गल्लीत त्याचा स्टुडिओ होता. मी तिथं झाडलोट करायची. तुम्हीही पाहिलं असेल, गल्लीतलं कुणी गेलं की दहाव्याआधी घरचे हार घालायला फोटो मागत येतात. ज्याचा वेगळा फोटो नसतो, त्याला दुसऱ्यांच्या लग्नांतून शोधून काढावं लागतं.

कॉम्प्युटरात त्यानं लग्नांना दिलेली नावं म्हणजे नुसता गोंधळ. 'गिरणीवाले', 'हौदाजवळचे', 'उंच नवरदेव'. स्वतःलाच आठवायची नाहीत. म्हणून त्यानं फायली बघायचं एक सॉफ्टवेअर घेतलं. पडद्यावर सगळे फोटो बारीक करून मांडायचं, त्यात चेहरा पटकन सापडायचा. पण ते काही दिवसच फुकट. मुदत संपली की वर पाटी यायची आणि फोटो दिसायचे बंद.

माझी जाऊ गेली, तेव्हाच नेमकी पाटी आली. जावेचा घरात एकही फोटो नव्हता.

"विकत घे की मंग," मी म्हणाले.

"घेतो ना. पर त्यांना बाहेरदेशी चालणारं कार्ड लागतं. ते कुठून आणू?"

मग तो लिहायला बसला. सॉफ्टवेअर कसं वाटलं ते कळवा, अशी तिथं जागा होती. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचलं. "तुमचं काम बराबर आहे. फोटो जल्दी दिसतात. पण आमच्याकडे माणूस तुमची मुदत बघून मरत नाही. मुदतीनंतर एक दिवस जास्त द्या."

"मराठीत? कोण वाचणार?"

"ज्याच्या घरी कुणी मेलंय, तो वाचंल."

"लय शहाणा. आधी माझी जाऊ शोध."

एकेक फोटो उघडत बसलो. डोळे चुरचुरले. जाऊ सापडली एका पंगतीत, भाताची परात घेऊन, कुणावर तरी खेकसताना.

"हाच लावायचा, मावशी?"

"हाच. अशीच होती ती."

पुढं सॉफ्टवेअर नवं आलं की तो पुन्हा घ्यायचा, पुन्हा मुदत संपायची, पुन्हा तेच लिहायचा. तिकडून उत्तर ठरलेलं, आभारी आहोत. तो म्हणायचा, "आभार मानून राह्यले म्हंजे वाचून राह्यले."

त्याच्या छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, परत आला नाही.

दहाव्याआधी त्याची बायको आणि लेक दुकानात आल्या. "लोकांचे काढण्यात जन्म गेला, मावशी," बायको म्हणाली. "घरात सोताचा एक धड फोटो न्हाई."

लेकीनं कॉम्प्युटर लावला. तो दवाखान्यात असतानाच मुदत संपली होती. पाटी आली. पोरगी ती मनातच वाचायला लागली.

"मोठ्यानं वाच की," मी म्हणाले.

"मुदत संपली आहे. आणखी एक दिवस पाहायचं असल्यास इथे दाबा."

त्याच्या लिहिण्यानं झालं की आणखी कुणाच्या, मला ठाऊक नाही. मी म्हणाले, "दाब."

ऊन कलताना तो सापडला. 'उंच नवरदेव' मध्ये. कॅमेरा स्टँडवर टायमरला लावून तो बायकांना शिकवायला पुढं गेला होता आणि फोटो आधीच निघाला होता. बायका त्याच्याकडे बघून हसतायत. त्याची हनुवटी वर आहे. तोंड स्वच्छ दिसतं.